उदेभानचं कडवं

आमच्या घरी कुकरला शिट्टी करायची परवानगी नव्हती. डाळ शिजो न शिजो, मागच्या खोलीत रेकॉर्डिंग चालू असलं की आईने स्टोव्ह बंद करायचा, पंखा बंद करायचा, आणि शेजारच्या घरी जाऊन त्यांच्या लहान पोराला काहीतरी खायला देऊन गप्प बसवायचं. मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. गाद्या पुरल्या नाहीत तिथे अंड्यांचे रिकामे ट्रे. चौकातला अंडीवाला ते आम्हाला फुकट द्यायचा आणि वर विचारायचा, "एवढे ट्रे नेता, अंडी कधी नेणार?" एवढा सगळा बंदोबस्त करूनही पुण्यात विश्रांतवाडीत राहून विमानांचं काय करणार? लोहगाव विमानतळाची विमानं डोक्यावरून जायची. विमान लांब असतानाच अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते कळायचं. ते बोट वर करायचे, आणि तबलावाला हात हवेत धरून, पेटीवाला भाता धरून, मी तोंडातला शब्द धरून बसून राहायचो. विमान गेलं की बोट खाली. "कुठे होतो?" अण्णा विचारायचे. तोवर कुठे होतो ते सगळेच विसरलेले असायचे.

या खोलीचं नाव होतं 'उत्पला कॅसेट'. उत्पला मी. उत्पल म्हणजे निळं कमळ, हे मला लहानपणापासून येईल-जाईल त्याला समजावून सांगावं लागलेलं आहे. अजूनही बँकेत सांगावं लागतं. अण्णा कारखान्यात नोकरीला होते, पण जीव सगळा गाण्यात. आमच्या वस्त्यांमध्ये तेव्हा जयंतीला, बुद्धपौर्णिमेला रात्र रात्र भीमगीतं व्हायची. एकेक गाणं असं की माणूस उभ्या उभ्या रडेल, आणि सकाळी ते हवेत विरलेलं. मोठ्या कंपन्यांना आमच्या गाण्यांशी काय देणंघेणं? "आपलं आपण करू," म्हणून अण्णांनी कुठून कुठून जुनी यंत्रं आणली, स्वतः खोलली, स्वतः जुळवली. पहिली कॅसेट निघाली तेव्हा तिच्या वेष्टनावर माझा फोटो होता. दोन वेण्या, निळा फ्रॉक, आणि फोटोवाल्याने 'हसू नकोस' म्हटल्यामुळे झालेला रडका चेहरा. खाली मोठ्या अक्षरांत 'गायिका : उत्पला'. त्याहून मोठ्या अक्षरांत 'उत्पला कॅसेट'. म्हणजे नाव दोनदा. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आणि काय दिवस होते ते! जयंतीच्या आधीचा महिना तर घरात पाय ठेवायला जागा नसायची. गल्लीतल्या बाया दुपारची भांडी उरकून यायच्या आणि अंगणात गोल बसून कॅसेटींना लेबलं चिकटवायच्या. डिंकाचा वास, त्यात आईने परतलेल्या सुकटीचा वास, आणि मधूनच कोणीतरी लेबल उलटं चिकटवल्याचा आरडाओरडा. संध्याकाळी बाहेरगावची माणसं पोती घेऊन यायची. नगरची, सोलापूरची, तिकडे पार अकोल्या-अमरावतीची. आई प्रत्येकाला जेवल्याशिवाय सोडायची नाही. भाकरी, सुकट, कच्चा कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. तो खाऊन सोलापूरवालासुद्धा पाणी मागायचा. जयंतीच्या दिवशी मी रस्त्यावरून चालले की प्रत्येक मंडपातून माझाच आवाज माझ्या अंगावर यायचा. एका मंडपात मी पहिल्या कडव्यात, दुसऱ्या मंडपात तिसऱ्यात. आमच्या मास्तरीणबाई वर्गात म्हणाल्या होत्या, "उत्पला, इतिहासाच्या पेपरात जरा कमी गा." तरी मी हवेतच.

आता ज्यांची ही गोष्ट आहे त्यांच्याकडे येते. मुद्दामच उशीर केला, माझं मलाच कळतंय.

उदेभानकाका गवंडी होते. वऱ्हाडातून कामासाठी पुण्यात आलेले, बोली तिकडचीच ठेवलेली. विटांवर विटा रचता रचता गाणी रचायचे. लिहिता यायचं, पण लिहायचे नाहीत. "कागद हरपते, डोकं हरपत नाही," म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी सकाळीच यायचे, हातापायांवरची सिमेंटची पांढरट रेघ कितीही धुतली तरी नखांपाशी उरलेली. दारातूनच "जयभीम वैनी, भाकर हाये का?" आणि भाकरी खाऊन झाली की मला समोर बसवून गाणं शिकवायचे. ओळ म्हणायचे, मी म्हणायची. चुकले की रागवायचे नाहीत, नुसते डोळे मिटून घ्यायचे. ते डोळे उघडेपर्यंत मी तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहायची. माझ्या गळ्याला जे काही वळण आहे ते त्या मिटलेल्या डोळ्यांनी लावलेलं आहे. संगीताच्या परीक्षा मी नंतर दिल्या, त्यातलं काही उरलं नाही.

आमच्या गाण्यांची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. 'अमुक म्हणे', 'तमुक सांगे'. गाणं गावोगाव जातं, गाणारे बदलतात, कवीला कोणी पाहिलेलं नसतं, पण शेवटचं कडवं आलं की कळतं, हे याचं. म्हणून आमच्यात कोणी गाण्याखाली वेगळं नाव लिहीत नसे. अण्णांनीही वेष्टनावर कवीचं नाव कधी छापलं नाही. त्यात लबाडी नव्हती. नाव गाण्यातच आहे, मग कागदावर कशाला, असा साधा विचार. मला माहीत आहे, मी लेक आहे, मी अण्णांची बाजू घेणारच. घेते.

पण कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. त्यात गाणी बसवायची पाच. उदेभानकाकांची गाणी लांबलचक. ते काय कोणाच्या घड्याळावर रचत होते? मग अण्णा शेवटी शेवटी बटण हळूहळू खाली आणायचे. आवाज लहान लहान होत जायचा आणि गाणं संपल्यासारखं वाटायचं. कापायचं म्हणजे शेवटच कापणार. मधलं कडवं कापलं तर गाणं लंगडतं. "शेवटी काय, नुसती सही असते," अण्णा म्हणायचे. अशी सही कागदावरून गेली आणि गाण्यातूनही गेली. दोन्हीकडून गेली, हे आमच्या घरात कोणाच्या लक्षातच आलं नाही. मी तर पूर्ण गाणं गायलेली असायची. खोलीत ते पूर्णच वाजलेलं असायचं.

त्यातलं एक गाणं फार चाललं. 'उघड माय दार, लेक शाळेला निघाली'. साधं गाणं, पण बायांनी ते उचललं. लग्नात म्हणायच्या, दळण आणायला जाताना म्हणायच्या, मुलीला शाळेत घालताना तर हमखास. त्याचं शेवटचं कडवं असं होतं:

उदेभान म्हणे, ज्या शाळेची मी भिंत बांधली,
त्याच भिंतीला टेकून माझी लेक वाचू लागली.

आता सांगा, याला नुसती सही म्हणायचं का? गाण्याचा सगळा जीव त्या दोन ओळींत. खरोखरच एका शाळेची भिंत त्यांनी बांधलेली होती आणि त्यांची मोठी मुलगी त्याच शाळेत जात होती. पण जगाने ऐकलेलं गाणं त्याच्या आधीच्या कडव्यावर संपायचं.

काकांकडे टेपरेकॉर्डर नव्हता. त्यांनी आपलं गाणं पहिल्यांदा ऐकलं ते रस्त्यावरच्या रिक्षावरच्या भोंग्यातून. नंतर घरी आले तेव्हा आईला म्हणाले, "वैनी, गाणं मस्त वाजलं. आखरीले यंत्र दमलं असन, ऐकूच आलं नाही." अण्णा आत होते. त्यांनी ऐकलं. बाहेर आले, काकांना पाणी दिलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी बघतो." पुढच्या वेळीही पाच गाणी होतीच.

मग ती बुद्धपौर्णिमा. आळंदी रस्त्याच्या कडेच्या एका वस्तीत विहारासमोर मांडव घातला होता. ऊन उतरलेलं, खिरीचं पातेलं एका बाजूला ठेवलेलं, बाया पांढऱ्या साड्या नेसून पुढे बसलेल्या. वंदना झाली, माझी गाणी झाली. शाळेचं गाणं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण अण्णांनी त्या दिवशी एक बेत केला होता. त्यांनी मंडळाच्या पोरांना सांगून उदेभानकाकांना स्टेजवर बोलावलं. "हे गाणं आज काका म्हणतील," एवढंच पोरांनी जाहीर केलं. उन्हातल्या कामाने वयाआधीच म्हातारे दिसणाऱ्या काकांनी धुतलेला सदरा घातला होता, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. त्यांचा आवाज बारीक, थोडा कापरा. पण मुखडा उचलला मात्र, आणि सगळा मांडव त्यांच्याबरोबर गायला लागला. मी बाजूला बसून टाळ्या देत होते. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. एवढी माणसं आपले शब्द म्हणताहेत हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा असं समोर पाहिलं.

कॅसेटमध्ये गाणं जिथे संपतं तिथे मांडव थांबला. टाळ्या पडल्या. तबलावाल्या पोराने, तो आमचा नव्हता, त्या वस्तीतलाच होता, शेवटची तिहाई घेऊन हात झटकले. आणि काका पुढे गायला लागले. उदेभान म्हणे...

टाळ्यांमध्ये ते कोणाला नीट ऐकूच गेलं नाही. टाळ्या ओसरल्या तशी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. काकांनी ओळ पुन्हा घेतली. मंडळाचा एक उत्साही पोरगा पुढे आला, त्याने माईक हळूच स्वतःकडे वळवला आणि चांगलं हसून म्हणाला, "काका, ह्या गाण्यात हे कडवं नाहीये. गाणं आपल्या उत्पलाताईंचं आहे, सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. दुसऱ्याच्या गाण्यात आपलं नाव घुसडायचं नसतं, बरं का!"

मांडव हसला. दुष्टपणे नव्हे हो. लग्नात एखादा म्हातारा मध्येच नाचायला लागला की हसतात तसं हसला. काका त्या पोराकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि अण्णांकडे.

अण्णा उठले. हे मला सांगायलाच हवं. अण्णा लगेच उठले. माईक हिसकावूनच घेतला म्हणा ना. "थांबा! हसू नका. गाणं यांचंच आहे. अक्षर न् अक्षर यांचं. शेवटचं कडवं होतं, ते मी कापलं. कॅसेटमध्ये बसत नव्हतं म्हणून मी कापलं." कारखान्यात साहेबाशी भांडतानाही अण्णा कधी इतक्या मोठ्याने बोलले नव्हते.

मग तो पोरगा म्हणाला, "बघा मंडळी, याला म्हणतात मोठेपणा! म्हाताऱ्या माणसाची लाज राखायला कंपनीचे मालक स्वतःवर घेतायत!" आणि अख्ख्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. कोणीतरी अण्णांच्या गळ्यात हार घातला. अण्णा "अहो, नाही, ऐका तरी" म्हणत होते आणि टाळ्या वाढत होत्या. हार घातलेल्या माणसाला कोण ऐकतं?

मग मी उठले. मी काय तेव्हा सतरा-अठराची असेन, मला वाटलं मी गायले की सगळं सरळ होईल. मी मुखडा धरला, शेवटचं कडवं घेतलं, 'उदेभान म्हणे' स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं. पुढे बसलेल्या एका आजींनी पदराने डोळे पुसले. कडवं संपल्यावर त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "किती गुणाची गं पोर! म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून त्याचं नाव गाण्यात घेतलंस!" मी त्यांना सांगत होते, आजी, ते कडवं खरंच त्यांचं आहे. त्या मान डोलावत होत्या आणि शेजारणीला म्हणत होत्या, "वळण बघा घरचं."

काकांनी खीर खाल्ली. द्रोण घेऊन एका बाजूला बसले होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "कडवं चांगलं म्हनलं तू. बांधली-वर जरा थांबाचं होतं." बस, एवढंच. मला त्यापेक्षा एक थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या सुट्टीला ते येणार नाहीत असं आईला वाटत होतं. आले. त्याच वेळेला, तशीच हाक, "जयभीम वैनी." आईने त्या दिवशी मटण केलं होतं, आमच्या घरात माफी मागायची तीच पद्धत होती. अण्णा त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "उदेभान, आता वेष्टनावर तुझं नाव छापतो. मोठं." काका म्हणाले, "छापा नं." मग मला म्हणाले, "पोट्टे, बस. नवं गाणं हाये."

तो पाळणा होता. 'हळू हलवा गं पाळणा, बाळ वाचतंय सपनात.' मी ओळीमागून ओळ घेत गेले. माझ्या अंगावर काटा आला, आजही लिहिताना येतो. त्यांच्या सगळ्या गाण्यांत हे गाणं वरचं. पण शाळेच्या गाण्याच्या मानाने लहान, आटोपशीर. एका जागी ते थांबले. मी पुढच्या ओळीची वाट बघत बसले. अण्णाही.

"शेवटचं कडवं?" अण्णांनी विचारलं.

"झालं की. हेच शेवटचं."

"नाव?"

काकांनी हाडातला मगज काढायला ताटाच्या कडेवर नळी आपटली. "नाव नाही टाकलं. आता तुमाले कापाचं काम पडत नाही भाऊ."

ते टोमणा मारून बोलले असते तर अण्णा भांडले असते. पण ते खरंच अण्णांची अडचण दूर केल्यासारखं बोलले. अण्णांनी ताट तसंच सरकवलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. आई मला म्हणाली, "तू तरी जेव." मी जेवले. मटण चांगलं झालं होतं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही पाळणा रेकॉर्ड केला. विमानसुद्धा मध्ये आलं नाही. उत्पला कॅसेटचं सगळ्यात जास्त चाललेलं गाणं ते. वेष्टनावर अण्णांनी खरंच छापलं, 'गीत : उदेभान'. पण तोवर बाजारात आमच्या नकला यायला लागल्या होत्या. नकली कॅसेटवर आतलं गाणं आमचं, बाहेर कुठल्यातरी नटीचा फोटो, आणि नावगाव काही नाही. खरी एक विकली जाई तेव्हा नकली पोतंभर जात. मग सीडी आल्या, मग एकाच चकतीवर शंभर गाणी यायला लागली. अण्णांनी यंत्रं कोणाला दिली ते मला सांगितलं नाही. एक दिवस शाळेतून, मी तेव्हा शिकवायला लागले होते, घरी आले तर मागच्या खोलीत पलंग टाकलेला होता. काकांचं नाव छापलेलं वेष्टनही एक उरलं नाही, आणि मूळ टेपा तर कधीच उरल्या नव्हत्या. नवीन टेप परवडत नसे, म्हणून जुन्यावरच नवं घ्यायचो. म्हणजे पूर्ण गायलेलं शाळेचं गाणं आमच्याच कुठल्यातरी पुढच्या गाण्याखाली गेलं. काका गेले, मग अण्णा गेले. अण्णा शेवटच्या आजारात एकदा मला म्हणाले, "उत्पला, मी सांगितलं होतं ना गं सगळ्यांना?" मी म्हटलं, "हो अण्णा, सांगितलं होतंत." ते म्हणाले, "मग?"

आज उत्पला कॅसेटचं नाव साठीकडे झुकलेल्यांनाच आठवतं, पण गाणी जिवंत आहेत. पाळणा तर प्रत्येक बारशाला लावतात. जयंतीच्या मिरवणुकीत त्याला असले ढोल लावून वाजवतात की कुठलं बाळ झोपेल! परवा एका तरुण गायिकेने तो फार सुंदर म्हटला. खाली लिहिलं होतं, 'पारंपरिक'. मला कार्यक्रमांना बोलावतात, शाल देतात, 'उत्पलाताईंचा पाळणा' म्हणतात. मी प्रत्येक वेळी उभी राहून सांगते, हा उदेभानकाकांचा. लोक प्रेमाने टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्या आता ओळखू येतात.

मागच्या रविवारी प्राची आली होती. उदेभानकाकांची नात; शाळेच्या भिंतीला टेकून वाचणाऱ्या त्या मुलीची मुलगी. कात्रजला राहते, कंप्युटरमध्ये नोकरी करते. आजोबांची गाणी त्यांच्या नावाने इंटरनेटवर टाकायची म्हणून फोन घेऊन माझ्यासमोर बसली. शाळेचं गाणं मी शेवटच्या कडव्यासकट म्हटलं. बांधली-वर थांबले. ती खूश झाली. "आजी, हे बेस्ट झालं. ह्यात नाव आहे, म्हणजे प्रूफच आहे. आता पाळणा. ॲक्च्युअली मी तो आधीच टाकला होता, पण खाली सगळे मला शिव्या घालतायत. म्हणतात, तुझ्या आजोबांचा कशावरून? गाण्यात नाव कुठे आहे? मला वाटलं, तेही कडवं तुमच्याकडे असेल."

मी तिला सगळं सांगितलं. मांडव, हार, मटण, सगळं. फोन चालूच होता. चेहरा आजोबांसारखा नाही तिचा, पण मध्येच तिने डोळे मिटून घेतले तेव्हा मी शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं.

"मग आजोबा असं बोलल्यावर तुम्ही तो गायलात कशाला?" ती म्हणाली. रागाने नाही, नुसतं विचारलं. "परत द्यायचा ना. म्हणायचं, काका, नाव घालून आणा, मग गाते."

इतकं सोपं होतं. अण्णांना सुचलं नाही, आईला सुचलं नाही. मला सुचलं होतं. पहिली ओळ घेतानाच सुचलं होतं.

"गाणं फार चांगलं होतं गं," मी म्हणाले. "मला सोडवलं नाही."